मैलभर धुळाप्पाच्या पायताणात

“मास्तर, बूट काढा,” रायगोंडा अण्णा म्हणाले.

सकाळचे आठ वाजले होते आणि हिंगणमाळच्या हायस्कुलाच्या फाटकाशी निम्मं गाव गोळा झालं होतं. दूध घालून परतणारी माणसं किटल्या खाली ठेवून उभी होती. मी बूट काढले आणि मोजे घालून धुळीत उभा राहिलो. घंटेखालच्या दगडी कट्ट्यावर आमचा शिपाई धुळाप्पा बंडगर बसला होता. त्यालाही पायताणं काढायला सांगून झालं होतं, पण तो ती काढत नव्हता.

“काढ की रं,” अण्णा म्हणाले. “मास्तरांनी काढलं, तुला काय सोनं लागलंय?”

धुळाप्पाने माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग असेल असं मला वाटलं होतं, आणि तो असता तर मला बरंच वाटलं असतं. कारण हा सगळा तमाशा माझ्यामुळे उभा राहिला होता.

मी तेव्हा सव्वीस वर्षांचा होतो. सबनीस सर म्हणून इंग्रजी शिकवायला साताऱ्याहून नवाच आलो होतो, आणि शिस्त ही गोष्ट जगात फक्त मलाच कळते अशी माझी पक्की समजूत होती. धुळाप्पा चाळिशीचा, उंचापुरा, मोठ्या मिशांचा माणूस. दिवाळीपासून त्याची पहिली घंटा रोज सात मिनिटं उशिरा व्हायला लागली. मी घड्याळ लावून पाहत असे. वर तो चालायचा असा की जणू शाळेची तपासणी करायला कुणी साहेब आला आहे. हात मागे बांधून, सावकाश, एकेक पाऊल तोलून. पोरं त्याच्या आधी वर्गात पोचत.

मी संस्थेला चार पानी तक्रार लिहिली. उशिराची घंटा हा पहिला मुद्दा. दुसरा असा की हा इसम कट्ट्यावर बसून पायताणं काढतो ती कधी जोडीनं ठेवत नाही, एक घंटेच्या खांबाशी तर दुसरं पार कट्ट्याच्या दुसऱ्या टोकाशी, यावरून त्याचा गबाळेपणा दिसतो. तिसरा असा की सरस्वतीपूजनाला सगळे अनवाणी आत येतात, हा पायताणासकट दाराबाहेर उभा राहतो आणि बोलावलं तरी येत नाही, यावरून त्याचा उद्धटपणा दिसतो. शेवटी मी ‘माणसाची चाल हीच त्याच्या स्वभावाची साक्ष होय’ असं एक वाक्य टाकलं. त्या वाक्यावर मी तेव्हा फार खूश होतो.

इतकी वर्षं हंगामी असलेली धुळाप्पाची नोकरी जूनमध्ये कायम व्हायची होती. तक्रार खरी ठरली असती तर त्याला घरीच बसावं लागलं असतं. हे मला माहीत होतं. माहीत असून मी लिहिलं.

संस्थेचे चिटणीस उपाध्ये वकील हे कागदाला कागद जोडणारे गृहस्थ. खोटा दाखला देऊन लागलेला एक शिपाई त्यांनी मागच्याच साली घालवला होता. त्यांनी माझी तक्रार वाचली आणि ‘प्रथम गावपातळीवर मिटवावे’ असा शेरा मारून गावच्या तंटामुक्ती समितीकडे पाठवली. समितीचे अध्यक्ष रायगोंडा अण्णा पाटील. समिती होऊन दोन वर्षं झाली होती, नोंदवही आणली होती, शिक्का केला होता, पण वहीचं पहिलं पान कोरंच होतं. गावात भांडणं रगड होती, पण ती मिटवून घ्यायला कुणी राजी नव्हतं. जिल्ह्यात बाकीच्या गावांना बक्षिसं मिळत होती आणि अण्णांना रात्रीचं जेवण गोड लागत नव्हतं. माझी तक्रार हातात पडली तेव्हा त्यांना हरखून गेल्यासारखं झालं.

त्यातच त्याच आठवड्यात मी नववीला इंग्रजीतले वाक्प्रचार शिकवत होतो. एखाद्याबद्दल मत बनवण्याआधी त्याच्या बुटात पाय घालून मैलभर चालून बघावं, असा एक त्यात होता. मी फळ्यावर दोन बूट काढले, चांगली दहा वाक्यं घेतली. अण्णांची नात नववीत होती. तिने घरी जाऊन आजोबांना सांगितलं.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी मला बोलावून घेतलं. चहा दिला, पोह्यांवर ओलं खोबरं घातलं, आणि इंग्रज लोक खरंच असं करतात का ते विचारलं. मी म्हणालो की तसं कुणी करत नाही, ते बोलण्यापुरतं आहे. अर्थ एवढाच, की दुसऱ्याला नावं ठेवण्याआधी त्याच्या अडचणी मनात आणून पाहाव्यात.

“ते कळलं मला,” अण्णा म्हणाले. “पर मनात आणणारी माणसं असती तर समिती कशाला लागली असती? मनात कुणी आणत न्हाई. चालवायलाच पायजे.”

मी पुष्कळ समजावलं. अण्णांनी ते सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि शुक्रवार ठरवून टाकला. धुळाप्पाचं पायताण मी घालायचं, माझे बूट त्याने घालायचे, आणि दोघांनी बरोबर मैलभर चालायचं. परत आल्यावर मी सांगायचं, माणूस ठेवायचा की काढायचा. मी सांगेन तेच समिती संस्थेला कळवणार. त्यासाठी उपाध्ये वकिलांनाही बोलावणं गेलं. मैल म्हणजे किती यावर दोन दिवस खल झाला. शेवटी अण्णांनी स्वतःच्या मोटारसायकलचा काटा बघून माप घेतलं. फाटकापासून दूध संस्थेच्या पायरीपर्यंत जाऊन परत आलं की मैल भरत होता.

तर असे आम्ही त्या शुक्रवारी सकाळी समोरासमोर आलो.

धुळाप्पाने शेवटी पायताण काढलं, पण बसल्या जागीच. धनगरी पायताण ते, जाड तळाचं, खाली टायरचे तुकडे मारलेलं. एकेक करून त्याने ते माझ्याकडे सरकवलं आणि माझे बूट मांडीवर घेतले. माझे म्हणजे थोरल्या भावाचे, मला एक नंबर मोठे. उजव्या बुटात एक खिळा वर आला होता आणि तो टोचू नये म्हणून मी वह्यांचे पुठ्ठे कापून आत घातले होते. ते काढायचे मी विसरलो होतो.

मी पायताणात पाय घातले आणि उभा राहिलो.

उभा राहिलो म्हणजे काय, उजवीकडे कललो. मला वाटलं जमीन उंचसखल असेल. एक पाऊल टाकलं, पुन्हा कललो. दुसरं टाकलं, पुन्हा तेच. पोरं फिदीफिदी हसायला लागली. मी खाली पाहिलं. दोन्ही पायताणं धुळीत शेजारी शेजारी होती, आणि ती तशी मी पहिल्यांदाच पाहत होतो. डाव्याचा तळ उजव्याहून चांगला बोटभर जाड होता. थरावर थर शिवून, कडा घासून, इतक्या बेमालूमपणे केलेला की जोडीने ठेवल्याखेरीज कुणाला कळू नये.

मी मान वर केली. धुळाप्पा बुटाची नाडी हातात धरून माझ्याकडेच बघत होता. त्याने नुसती मान हलवली, अगदी थोडी. माझ्या चार पानांतला एकेक मुद्दा मला तिथे उभ्या उभ्या आठवला आणि अंगातून लाज अशी वर चढली की कानशिलं तापली.

“चला, ऊठ,” अण्णा त्याला म्हणाले.

धुळाप्पा उठला. एक पाऊल टाकलं आणि डावीकडे खचला.

हसणं एकदम थांबलं. गेली चौदा वर्षं हा माणूस गावात साहेबासारखा चालत होता, आणि आता तो लंगडत होता. उपाध्ये वकिलांनी चष्मा पुसून परत लावला आणि दोन पावलं पुढे आले.

“धुळाप्पा, तू लागलास तेव्हा डॉक्टरचा दाखला दिला होतास,” ते म्हणाले. “शरीरात काही व्यंग नाही असा. तो मला काढून बघावा लागेल.”

धुळाप्पाच्या मिशा तेवढ्या हलल्या. त्यानंतर मी जे बोललो ते विचार करून बोललो असं मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, कारण ते खरं नाही.

“त्याचा दाखला बघायचं कारण नाही,” मी म्हणालो. “बूट माझे आहेत. माझा उजवा पाय आखूड आहे. म्हणून उजवा बूट मी आतून उंच केलाय. त्या बुटात कुणीही लंगडेल.”

गाव माझ्याकडे बघायला लागलं. आता माघार घ्यायची सोय नव्हती, म्हणून मी पुढे चार पावलं चालून दाखवलं. पायताणाने आपलं काम चोख केलं. मी उजवीकडे कलंडत गेलो आणि कलंडत परत आलो.

अण्णांना पटलं नव्हतं. त्यांनी धुळाप्पाला खाली बसवलं, त्याच्या पायातला उजवा बूट काढून घेतला आणि उलटा करून झटकला. आतून पुठ्ठ्याचे तीन तुकडे धुळीत पडले. बायकांच्या घोळक्यातून ‘अगं बाई’ असा आवाज आला.

तरी उपाध्ये वकील अडून बसले. त्यांचं म्हणणं, तीन पुठ्ठ्यांनी माणूस एवढा कसा खचेल? तेव्हा गणिताचे मगदूम सर पुढे आले. गावासमोर भूमिती सिद्ध करून दाखवायची संधी त्यांना सबंध नोकरीत मिळाली नव्हती. त्यांनी काठीने धुळीत दोन माणसं काढली. समजा शिपायाचे पाय सारखे आहेत, ते म्हणाले, तर त्याचं पायताण सपाट असणार, आणि त्या सपाट पायताणात सबनीस सर त्यांच्या आखूड पायाकडे म्हणजे उजवीकडे कलणार. ते कलले. सबनीस सरांचा उजवा बूट उंच असणार, म्हणून त्यात शिपाई डावीकडे कलणार. तोही कलला. दोन्ही बाजू जुळल्या. पुठ्ठ्यांचं म्हणाल तर ते वापरून दबले आहेत. हे सिद्ध करायचं होतं, असं म्हणून त्यांनी काठी खाली ठेवली.

हाच पुरावा उलटा लावला तर धुळाप्पाचा पाय आखूड निघतो, हे त्यांच्या ध्यानात आलं नाही. किंवा आलंही असेल. मगदूम सरांचं मला आजही नक्की सांगता येत नाही.

“मग दाखला तुमचाही बघावा लागेल, सबनीस,” उपाध्ये वकील माझ्याकडे वळून म्हणाले.

“वकीलसाहेब,” अण्णा म्हणाले, “मास्तर काय पायानं शिकवतोय?”

वकिलांनी जरा विचार केला. शिक्षकाच्या पायाचा नियमात उल्लेख नाही हे त्यांना मान्य करावं लागलं. शिपायाच्या मात्र होता.

पुठ्ठे परत बुटात गेले, बूट परत धुळाप्पाच्या पायात गेला, आणि ठरलेला मैल चालायचाच असं अण्णांनी फर्मावलं. आम्ही निघालो. मी उजवीकडे कलत होतो, धुळाप्पा डावीकडे. दर पावलाला आमचे खांदे लांब जायचे आणि पुन्हा येऊन आपटायचे. मागून अण्णा मोटारसायकल पहिल्या गिअरमध्ये टाकून काट्यावर नजर ठेवून येत होते. त्या आवाजात आमचं बोलणं कुणाला ऐकू जाणार नव्हतं.

पाटाच्या मोरीपाशी धुळाप्पा म्हणाला, “सर, हे कशाला केलासा?”

मी त्याला काय झालं होतं ते विचारलं. त्याने सांगितलं. सहा वर्षांचा असताना मेंढरांच्या तळावर गाडीचं चाक मांडीवरून गेलं. हाड जुळलं, पाय वाढायचा राहिला. निपाणीच्या बाजारात लिंगाप्पा म्हणून एक म्हातारा पायताणं करायचा, त्याने हा तळ बसवून दिला आणि हळू चालायला शिकवलं. घाईने चाललं की उघडं पडतं, सावकाश चाललं की साहेब दिसतो, असं तो म्हणायचा. बायकोशिवाय हे फक्त त्यालाच ठाऊक होतं. दिवाळीच्या आधी लिंगाप्पा वारला. तेव्हापासून डाव्या पायताणाचे थर झिजायला लागले होते. वस्तीवरून शाळेला यायची टेकडी उतरताना कंबर भरून यायची, मध्ये दोनदा बसावं लागायचं.

“सात मिनिटं,” मी म्हणालो.

“तुमी मोजलासा व्हय?”

मी हो म्हणालो. दुसऱ्या कुणाकडून शिवून का घेतलं नाहीस, असंही विचारलं.

“निपाणीचा बाजार म्हंजे निम्मं गाव तिथं असतंय. कुणी बघितलं तर?”

दूध संस्थेची पायरी आली. तिथे आम्ही वळलो. तोवर माझी कंबर बोलायला लागली होती आणि घोटा सुजला होता. मी जेमतेम अर्धा मैल चाललो होतो, तेही सपाट रस्त्याने. परतताना आम्ही दोनदा बसलो. अण्णांनी मोटारसायकल बंद करून वाट पाहिली आणि वेळ लिहून ठेवली.

फाटकाशी पोचल्यावर अण्णांनी नोंदवही उघडली आणि मला विचारलं, माणूस ठेवायचा की काढायचा. मी म्हणालो, ठेवायचा, तक्रार मागे. कारण काय लिहू, असं त्यांनी विचारलं. मला सगळ्यांसमोर सांगता येण्यासारखं एकही कारण नव्हतं. अण्णांनी स्वतःच थोडा विचार केला आणि लिहिलं, ‘चालल्यामुळे पटले.’ खाली आम्हा दोघांच्या सह्या घेतल्या आणि वहीच्या पहिल्या पानावर जोरात शिक्का मारला.

पुढे गावात या पद्धतीचं पेव फुटलं. सासवा सुनांच्या सपाता घालून वेशीपर्यंत जाऊन आल्या. एकजण भावकीतल्या माणसाचे नवे कोरे सँडल घालून मैलभर गेला तो पाहुण्यांच्या गावाला निघून गेला आणि आठ दिवस परतला नाही, म्हणजे एका तंट्याचे दोन झाले. तरीही गावाला बक्षीस मिळालं. अण्णांनी सत्काराच्या भाषणात इंग्रजांचे आभार मानले.

मी मात्र त्या दिवसापासून लंगडा झालो. दुसरं काय करणार? पुठ्ठे दबल्याचं मगदूम सरांनी सिद्ध केलंच होतं, तेव्हा बूट घालूनही मी सरळ चाललो असतो तर दुसऱ्याच दिवशी वकिलांनी धुळाप्पाचा दाखला काढला असता. रोज सकाळी खोलीचं दार ओढून घेतलं की मी उजवा पाय ओढायला लागायचो. व्हॉलीबॉलच्या संघातून मला काढलं. एसटीत म्हातारी माणसं उठून जागा द्यायची. शेजारच्या काकू कसल्याशा पाल्याचं तेल आणून द्यायच्या. ग्रामसेवकाने अपंगांच्या सवलतीचा अर्ज भरून आणला तेव्हा मला स्वाभिमानावर पंधरा मिनिटं बोलावं लागलं. गावात ‘लंगडे सर’ म्हटलं की पोरंसुद्धा माझं घर दाखवत. माझ्याबद्दल कुणी वाईट बोलत नव्हतं, पण सगळ्यांना माझ्याबद्दल सगळं कळलेलं होतं.

एक सोय तेवढी झाली. माझा पाय अधू असल्यामुळे मी निपाणीच्या बाजारात उजळ माथ्याने जाऊन तसलं पायताण करून घेऊ शकत होतो. लिंगाप्पाच्या जागी त्याचा पुतण्या बसायचा. मी त्याला सांगितलं, डावा तळ बोटभर जाड, आणि माप एक नंबर मोठं. त्याने माझे दोन्ही पाय हातात घेऊन बघितले, टाचा जुळवल्या.

“तुमचं पाय सारखं हाईत की.”

“हो,” मी म्हणालो. “तरी करा.”

त्याने करून दिलं. पहिली जोडी मी घंटेच्या खांबाशी फडक्यात गुंडाळून ठेवली आणि वर्गात निघून गेलो. दुसऱ्या दिवशी मी घड्याळ लावून बसलो होतो. घंटा बरोबर वेळेवर झाली. मी घड्याळ हातातून काढून खिशात टाकलं आणि पुन्हा त्याची वेळ तपासली नाही. दर दिवाळीला मी एक जोडी करून आणत राहिलो. धुळाप्पाने कधी आभार मानले नाहीत. फक्त एकदा, मी घाईत व्हरांड्यातून सरळ चालत गेलो तेव्हा त्याने वेळ झाली नसताना घंटा दिली. सगळी शाळा घंटेकडे बघायला लागली, आणि मी लंगडायला लागलो.

सहा वर्षांनी माझी बदली झाली. नव्या गावात मी पहिल्या दिवशी सरळ चाललो आणि कुणाच्याही ते लक्षात आलं नाही. निपाणीची जोडी मात्र दर दिवाळीला टपालाने जात राहिली. वर्षानुवर्षं मी त्या पुतण्याला एकच सांगत होतो, डावा, डावा जाड.

धुळाप्पा निवृत्त झाला त्या समारंभाला मी मुद्दाम गेलो. हिंगणमाळच्या फाट्यावर एसटीतून उतरलो. समोर अण्णा होते, आता काठी टेकत आलेले. मगदूम सर होते, उपाध्ये वकीलसुद्धा हार घेऊन उभे होते. आणि त्यांच्या पुढे फेटा बांधलेला धुळाप्पा. मला गाव आठवलं, गावातला मी आठवलो, आणि बॅग सावरून मी लगेच लंगडायला लागलो.

धुळाप्पा हात मागे बांधून सावकाश पुढे आला, एकेक पाऊल तोलत. त्याने वाकून माझी बॅग घेतली, आणि वाकल्या वाकल्या कानाशी येऊन हळूच म्हणाला,

“सर, उजवा.”